लिपी, लेखणी आणि रेघ : बोरूपासून जपानी वहीपर्यंत

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे स्थान म्हणून परंपरेने मानले जाते. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती सर्वश्रुत आहे. रुक्मिणीने एका ब्राह्मणाच्या मुखाने श्रीकृष्णास निरोप धाडला, ही कथा भागवताच्या दशम स्कंधात आली असून तेथे तो निरोप सात श्लोकांचा आहे. मराठी परंपरेने या निरोपास ‘पत्रिका’ मानले आणि कीर्तनांतून, आख्यानांतून तिचा विस्तार केला. परंतु ही पत्रिका कशावर लिहिली, कोणत्या लेखणीने लिहिली, तिचे अक्षर कसे होते, यांविषयी भागवतकार एक शब्दही सांगत नाही. आता अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या जपानी लेखिकेने रचलेली ‘गेन्जीची कथा’ पाहावी. तीत पत्रे पदोपदी येतात. आणि त्यांच्या आशयाइतकेच कागदाचा रंग, शाईची गडद-फिकी छटा, अक्षराचे वळण व पत्रासोबत बांधलेली फांदी यांनाही महत्त्व दिलेले आहे.

एवढ्या एका तुलनेवरून दोन संस्कृतींविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि तिच्यातून एक प्रश्न निश्चित सुचतो. लेखनाचा विचार करताना आपण लेखनसाधनांचा विचार कितपत करतो? आज जपानी लेखण्या, वह्या, खोडरबरे यांची जगभर वाखाणणी होते. ही वाखाणणी बहुधा त्यांच्या नीटनेटकेपणाची व देखणेपणाची असते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास मात्र त्यांत निराळी गोष्ट दिसते. ही साधने एका विशिष्ट लिपीचे माप घेऊन घडविलेली आहेत. आपल्याकडे अशी मापे कधी घेतली गेली होती काय, ती केव्हा सुटली, आणि ती पुन्हा घेता येतील काय, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीतील लेखनविषयक शब्दसंग्रह हा आपल्या राजकीय इतिहासाचा एक संक्षिप्त आलेखच आहे. ‘लेखणी’ संस्कृत, ‘वही’ संस्कृत-प्राकृत परंपरेतील ‘वहिका’ या शब्दापासून आलेली, ‘बोरू’ हे वेतासारख्या पोकळ गवताचे नाव, तेच लेखणीसही मिळाले. ‘कागद’ व ‘शाई’ हे फारसीतून आले. ‘दौत’ व ‘कलम’ अरबीतून, फारसीच्या वाटेने. ‘दप्तर’ या शब्दाचा प्रवास तर विशेष लक्षणीय आहे. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कमावलेले कातडे. फारसीत तो नोंदवहीवाचक झाला. पेशवाईत राज्यकारभाराच्या कागदांचा संग्रह असा त्याचा अर्थ रूढ झाला. आणि आज तोच शब्द शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवीस लागतो. पुढे इंग्रजीतून ‘पेन’, ‘पेन्सिल’, ‘रबर’ आले व या सर्वांस मिळून ‘स्टेशनरी’ हा शब्द बाजारात स्थिरावला.

‘स्टेशनरी’ या शब्दाच्या मुळाशी विक्रेता आहे. फिरत्या विक्रेत्याहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’. आणि तो विकतो ती स्टेशनरी. जपानी भाषेतील समानार्थी शब्द ‘बुनबोगु’ असा आहे. ‘बुनबो’ म्हणजे लेखनवाचनाची खोली आणि ‘गु’ म्हणजे साधन. ही संकल्पना मूळ चिनी असून कुंचला, शाई, कागद व शाई उगाळण्याचा दगड ही त्या खोलीतील चार रत्ने मानली जात. एका भाषेने वस्तूचे नाव दुकानावरून ठेवले, दुसरीने ती जेथे वापरली जाते त्या जागेवरून ठेवले. मराठीत ‘लेखनसाहित्य’ हा शब्द आहे, आणि ‘साहित्य’ या एकाच शब्दात सामग्री व वाङ्मय या दोन्हींचा अर्थ सामावलेला आहे. अर्थात शब्दाची अनुकूलता म्हणजे व्यवहाराची अनुकूलता नव्हे. म्हणून आता व्यवहाराकडे पाहिले पाहिजे.

२. बोरू आणि मोडी

छापील वह्या येण्यापूर्वीचा आपला लेखनव्यवहार साधनदृष्ट्या मुळीच अडाणी नव्हता. मूल धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढी. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा वाक्प्रचार त्याचीच खूण आहे. मग बोरू हाती येई. बोरूचे टोक चाकूने तिरपे तासून त्यास मध्ये चीर देत. हा तिरपेपणा महत्त्वाचा आहे. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिताना काही फराटे जाड व काही बारीक येतात. आणि रोमन अक्षरांत ज्या दिशेचा तिरपा फराटा जाड येतो, त्याच्या उलट दिशेचा फराटा परंपरागत देवनागरीत जाड येतो. म्हणून देवनागरीसाठी टोक तासण्याची दिशा रोमनहून भिन्न असते. लेखणी लिहिणाराच तासत असल्यामुळे हे माप त्याच्या हातात होते.

मोडीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. हात शक्य तितका कमी उचलावा असे अक्षरांचे वळण असे. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद व्यवहारात पाळीत नसत. त्यामुळे रेषेच्या वरखाली हात नेण्याचे काम हलके होई. ओल्या शाईवर बारीक वाळू टाकून ती टिपीत. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हातकागद तयार होत असे. लिपी, लेखणी, कागद, शाई आणि दप्तराची गरज ही सर्व परस्परांस जुळलेली होती. या व्यवस्थेस कोणी ‘रचनाकार’ नव्हता. पण जिला आज रचना म्हणतात तीच ही गोष्ट होय.

छपाईच्या प्रसारानंतर बाळबोध ही शिक्षणाची व ग्रंथांची लिपी झाली. मोडी मागे पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती सर्वसामान्य व्यवहारातून नाहीशी झाली. बोरूची जागा टाकाने, टाकाची फाउंटनपेनने व त्याची बॉलपेनने घेतली. टाकाची पोलादी निबे रोमन लिपी लिहिणाऱ्या देशांत घडली होती. आडव्या समांतर रेघांचा कागदही, रेघेवर बसणारी अक्षरे गृहीत धरून आखला जाई. देवनागरी अक्षर मात्र रेघेवर बसत नाही. ते रेषेपासून खाली लोंबते. ‘कौंडण्यपूर’ हेच नाव लिहून पाहावे. शिरोरेषेच्या वर दोन मात्रा व अनुस्वार, मध्ये अक्षरांची कुडी, खाली दीर्घ उकार. असे तीन मजले एकाच शब्दात येतात. एकेरी रेघ या तिन्हींपैकी एकाच मजल्याची काळजी घेते. आणि तीही बहुधा शिरोरेषेची नव्हे.

येथे एका अपवादाची नोंद केली पाहिजे, कारण तो आपल्या शाळांचे श्रेय आहे. प्राथमिक शाळांतील दुरेघी वही हे देवनागरीचे माप घेणारे साधन होय. वरच्या रेघेस शिरोरेषा, खालच्या रेघेस अक्षराचा पाय, आणि दोन जोड्यांमधील मोकळ्या जागेत मात्रा-उकार. इंग्रजीसाठी चौरेघी व गणितासाठी चौकटीची वही असा त्रिविध भेद आपल्याकडे रूढ आहे. पण दुरेघीचा आधार पहिल्या काही इयत्तांपुरताच असतो. पुढे विद्यार्थी एकरेघी वहीकडे जातो आणि उच्च परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत तेथेच राहतो.

३. स्वदेशीचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लेखनसाधनांच्या स्वदेशी निर्मितीने जोर धरला. बंगालमध्ये १९३४ साली ‘सुलेखा’ शाईचा उद्योग सुरू झाला. मुंबईत त्यापूर्वीच, १९३१ साली, दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने ‘दांडेकर आणि कंपनी’ स्थापून शाईची पूड व वड्या ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने बाजारात आणल्या. पुढे फाउंटनपेनची ‘कॅमल’ शाई आली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या दोन शब्दांच्या मीलनातून ‘कॅम्लिन’ हे नाव रूढ झाले. पेन्सिली, रंग, कंपासपेटी यांच्या रूपाने हे नाव महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या दप्तरात शिरले. विदेशी शायांनी भरलेल्या बाजारपेठेत मराठी उद्योजकाने मिळविलेले हे यश निःसंशय मोठे आहे.

याच सुमारास कौंडण्यपुराच्या पलीकडे, वर्धा नदीच्या पूर्वेस, दुसरा एक प्रयोग चालू होता. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे केंद्र वर्ध्यास मगनवाडीत आले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार होते. तेथे हातकागदाचे पुनरुज्जीवन करण्यात आले आणि गांधीजींनी पोलादी निबेऐवजी बोरूचा पुरस्कार केला. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी घडविलेले स्वदेशी फाउंटनपेन कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोहोचले. १९३५ साली वर्ध्याहूनच त्यांनी त्याची पोच देऊन ते विदेशी पेनाची जागा चांगली घेते असा अभिप्राय कळविला.

या दोन्ही प्रवाहांमागील प्रश्न एकच होता : ही वस्तू कोठे, कोणाच्या हातून तयार झाली? तत्कालीन परिस्थितीत तोच प्रश्न अग्रस्थानी असणे योग्य होते. परंतु ही वस्तू कोणत्या अक्षरासाठी तयार झाली, हा दुसरा प्रश्न त्यामुळे मागे राहिला. शाई स्वदेशी झाली, पेन स्वदेशी झाले, कागदही झाला. निबेची घडण आणि पानाची आखणी मात्र पूर्वीच्याच नमुन्यावर राहिली.

४. जपानने घेतलेली मापे

जपानचा आरंभही अनुकरणानेच झाला, हे विसरता कामा नये. मासाकी निरोकु यांनी १८८७ साली पेन्सिलींचा कारखाना काढला, तो पाश्चात्य पेन्सिलीच्या धर्तीवरच. त्याच कारखान्याचा आजचा वारस म्हणजे मित्सुबिशी पेन्सिल कंपनी. १९०५ साली कुरोदा झेन्तारो यांनी ओसाकात जपानी पद्धतीच्या हिशेबवह्यांची वेष्टने करण्याचा व्यवसाय मांडला. त्यातून ‘कोकुयो’ ही संस्था उभी राहिली. या नावाचा अर्थ ‘प्रांताची कीर्ती’ असा आहे.

जपानी लेखनात चिनी मूळ असलेली कांजी अक्षरे आणि हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला एकत्र नांदतात. कांजी सोडून रोमन लिपी स्वीकारावी असा विचार तेथेही मांडला गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, दैनंदिन वापराच्या कांजींची संख्या १८५० इतकी मर्यादित करण्यात आली. पण लिपी टिकली. एकदा ती टिकणार हे ठरल्यावर साधनांनी तिच्यासमोर वाकणे क्रमप्राप्त झाले. हे वाकणे कसे घडले याची चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण टोकाच्या जाडीचे. एका लहान चौकोनात दहा-पंधरा फराटे बसवावयाचे असल्याने जपानी फाउंटनपेनांची ‘बारीक’ निब ही त्याच नावाच्या पाश्चात्य निबेपेक्षा सामान्यतः अधिक बारीक असते. सेलर या कंपनीच्या ‘नागिनाता’ निबेचे टोक तर असे घासलेले असते की पेन धरण्याच्या कोनानुसार फराटा जाड वा बारीक यावा, म्हणजेच कुंचल्याने काढलेल्या कांजीची ठेवण पेनातून उतरावी.

दुसरे उदाहरण कुंचल्याचे. कुरेताके या शाई करणाऱ्या जुन्या कंपनीने १९७३ साली ‘फुदे पेन’, म्हणजे पेनाच्या रूपातील कुंचला, बाजारात आणला. शुभेच्छापत्रे, आहेराची पाकिटे अशा औपचारिक लेखनात कुंचल्याचे वळणच शोभते. पण दगडावर शाई उगाळण्यास सवड नाही. या अडचणीतून हे साधन निघाले. आपल्याकडील बोरू अशा स्थित्यंतरावाचूनच निवृत्त झाला.

तिसरे उदाहरण मित्सुबिशी पेन्सिल कंपनीच्या ‘कुरु तोगा’ या पेन्सिलीचे. २००८ साली आलेल्या या यांत्रिक पेन्सिलीत, टोक कागदावरून उचलून पुन्हा टेकविले की आतील शिसे सुमारे ९ अंशांनी फिरते. चाळीस फराट्यांत त्याचा एक फेरा पुरा होतो. त्यामुळे शिसे एका बाजूने झिजत नाही व रेघ सारखी बारीक राहते. ही युक्ती, हात वारंवार उचलावा लागणाऱ्या लिपीत उत्तम चालते. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत हात क्वचितच उचलला जात असल्याने तेथे तिचा लाभ कमी. लिपीचा गुणधर्म यंत्राच्या दातेरी चक्रात उतरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. मराठीच्या दृष्टीने पाहता, हात न उचलणाऱ्या मोडीस ही पेन्सिल निरुपयोगी ठरली असती. बाळबोधीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि शिरोरेषा यांसाठी हात पुनःपुन्हा उचलावा लागतो, म्हणून तीत ती चांगली चालावी.

चौथे उदाहरण रेघेचे. वीस गुणिले वीस अशा चारशे घरांचा हस्तलिखित-कागद जपानात रूढ आहे. प्रत्येक अक्षरास एक घर. कोकुयोने १९७५ साली ‘कॅम्पस’ ही वही काढली आणि २००८ साली तिच्या आडव्या रेघांवर समान अंतराने बारीक ठिपके छापण्यास आरंभ केला. तोक्यो विद्यापीठात प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष वह्या पाहून ही कल्पना सुचली होती. ओळींचे आरंभ जुळविणे, कोष्टके व आकृत्या आखणे या ठिपक्यांमुळे सुकर होते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट कार्यपद्धतीची आहे : प्रथम लिहिणाऱ्याची वही पाहिली, मग रेघ बदलली.

५. हस्तकलेपासून कारखान्यापर्यंत

हे जपानात घडावे आणि आपल्याकडे घडू नये, याचे कारण काय? लिपीचा अभिमान आपल्याकडे कमी होता, असे म्हणता येणार नाही. येथे वर्धा व तोक्यो यांची एक तुलना उपयुक्त ठरते. यानागी सोएत्सु व त्यांचे सहकारी यांनी १९२५ साली ‘मिंगेइ’, म्हणजे लोककला, हा शब्द घडविला. रोजच्या वापरातील अनामिक कारागिरांच्या वस्तूंतील सौंदर्य त्यांनी प्रतिष्ठित केले. आणि १९३६ साली तोक्योत लोककला संग्रहालय उघडले. मगनवाडीचा काळ हाच. पण यानागींचे पुत्र सोरी यानागी हे औद्योगिक रचनाकार झाले. १९५४ चे त्यांचे फुलपाखराच्या आकाराचे स्टूल प्रसिद्ध आहे. १९८० साली ‘मुजी’चा उदय झाला, या नावाचा आशय ‘छाप नसलेला चांगला माल’ असा आहे. २०१२ साली त्याच लोककला संग्रहालयाची धुरा नाओतो फुकासावा या औद्योगिक रचनाकाराकडे आली. हस्तकलेतील दृष्टी अशा रीतीने कारखान्याच्या मालात उतरली. मगनवाडीने यंत्रोद्योगास पर्याय उभा केला. त्यामागे निश्चित अर्थविचार होता. परंतु परिणामी हातकागद हा आश्रमाचा व भेटवस्तूंचा विषय राहिला, आणि दहा लाखांच्या संख्येने निघणारी शालेय वही त्या विचारापासून अलिप्त राहिली.

आपल्याकडे अक्षराचा विचार झाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांस सौष्ठव दिले. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अक्षररचनेचे अध्यापन केले, आणि संगणकावरील ‘मंगल’ हा त्यांचा देवनागरी टंक कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. म्हणजे छापील व संगणकीय अक्षराचे माप घेतले गेले. हाताने लिहावयाच्या अक्षराच्या साधनांचे राहून गेले.

२०११ साली कोकुयोने कॅम्लिनमधील निम्म्याहून अधिक भागभांडवल घेण्याचा करार केला आणि पुढे कंपनीचे नाव ‘कोकुयो कॅम्लिन’ झाले. ज्या संस्थेचा आरंभ जपानी हिशेबवहीच्या वेष्टनापासून झाला, ती आता मराठी शाईच्या घराण्याशी जोडली गेली आहे. स्वदेशीच्या दृष्टीने या घटनेबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि वर उल्लेखिलेला दुसरा प्रश्न, ‘कोणत्या अक्षरासाठी?’, विचारण्यास मालकी आड येत नाही; आणि तो विचारण्याचे दायित्व कंपनीपेक्षा भाषेच्या अभ्यासकांवर अधिक आहे. लिहिणाऱ्याच्या हाताची नोंदच कोणी केली नसेल, तर रचनाकाराने माप घ्यावे कशाचे?

६. पुढील अभ्यासाची दिशा

यावर असा आक्षेप संभवतो की हस्तलेखनाचे युगच सरत आले आहे. मग रेघ कशी असावी याची चर्चा कशासाठी? त्यास उत्तर असे की आपली परीक्षापद्धती अद्याप हस्तलिखित उत्तरपत्रिकेवर उभी आहे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी तीन तास देवनागरी लिहितो, आणि वेळ, थकवा व सुवाच्यता या तिन्ही बाबतींत तो साधनावर अवलंबून असतो. उतावळीत शिरोरेषा गळते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो; आणि अशा अस्पष्टतेचा दोष ‘अक्षर वाईट’ म्हणून विद्यार्थ्यावर ठेवला जातो. यात साधनाचा वाटा किती, हे अद्याप मोजले जावयाचे आहे. दुसरा आक्षेप असा की कांजी व देवनागरी या प्रकृतीने भिन्न लिप्या आहेत. हे मान्यच आहे. म्हणूनच जपानी वस्तूंची नक्कल उपयोगाची नाही. घेण्यासारखी आहे ती वही पाहून रेघ बदलण्याची पद्धत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या दृष्टीने तीन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, एकच उतारा बाळबोधीत व मोडीत लिहवून प्रत्येक शब्दामागे हात किती वेळा उचलला जातो याची मोजणी. दुसरे, शिरोरेषेच्या वर, मध्ये व खाली लागणाऱ्या जागेचे प्रमाण निरनिराळ्या इयत्तांच्या वह्यांतून मोजून, त्यावरून रेघांतील अंतर ठरविणे. तिसरे, अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुन्या घरांत असलेले कित्ते, मोडी रोजकीर्द, दौती, बोरू व पहिल्या पिढीच्या शालेय वह्या यांची छायाचित्रांसह सूची. यांपैकी तिसरे काम तातडीचे आहे. जुन्या कागदपत्रांतील मजकूर जपण्याची जाणीव आता बरीच रुजली आहे; परंतु मजकूर नसलेली कोरी वही, झिजलेला बोरू किंवा आखणीची पट्टी ही कोणी जपत नाही, आणि घर आवरताना तीच प्रथम बाहेर पडतात.